सोयाबीनच्या मुळावरचा खत कारखाना

हवेत ७८ टक्के नत्र आहे हे आपण शाळेपासून घोकतोय. मग शेतकरी युरियाच्या गोणीसाठी रांगेत का उभा राहतो? कारण नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने असे घट्ट जखडलेले असतात, की पिकाला ते फोडता येत नाहीत. ते फोडायला हाबर-बॉश पद्धतीत साधारण ४५० अंश सेल्सिअस तापमान, दोनशेच्या आसपास वातावरण दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक लागतो. केमिकलवाल्यांना हे पाठ असेलच.

हेच काम रायझोबियम गटातले जिवाणू जमिनीच्या साध्या तापमानाला करतात! ते मुळात शिरतात, तिथे गाठ तयार होते. झाड त्यांना साखर पुरवतं, ते झाडाला नत्र देतात. अडचण एकच. नत्र फोडणारं त्यांचं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होतं, आणि जिवाणूला श्वासाला तर ऑक्सिजन हवाच. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन असतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा भाऊबंद ऑक्सिजन धरून ठेवतो आणि मोजून मापून सोडतो. त्यामुळेच चांगली गाठ कापली की आत गुलाबी दिसते. (पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला चक्क किळस आली होती.)

१८८८ साली बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून वाढवले. आज कृषी विद्यापीठांत त्यांची पाकिटं मिळतात. पण कुठलंही पाकीट कुठल्याही पिकाला चालत नाही. हरभऱ्याचं सोयाबीनला लावलं तर पैसे पाण्यात. सोयाबीन मूळचं चीनकडचं, त्याचे जिवाणूही वेगळे. ज्या वावरात ते पूर्वी कधी घेतलंच नाही, तिथे ते बहुधा नसतातच.

आमचं वावर असंच, कायम कपाशीचं. पहिल्यांदा सोयाबीन पेरायचं ठरलं आणि बीजप्रक्रिया माझ्याकडे आली. मी इंजिनियर! बुरशीनाशक आणि जिवाणूंचं पाकीट एकाच घमेल्यात कालवलं आणि लवकर वाळावं म्हणून बियाणं भर उन्हात पसरलं. दीड महिन्याने बाबांनी चार झाडं मातीसकट उपटली. गाठी जेमतेम, त्याही आतून पांढऱ्या. पानं पिवळी. बाबा काही बोलले नाहीत, युरिया आणायला गेले. ते जास्त लागलं.

बुरशीनाशक म्हणजे जिवाणूंनाही विषच, आणि ऊन तर त्यांना लगेच मारतं. नंतर कृषी सहाय्यकांनी सोपी खूण सांगितली: एफआयआर. आधी फंगिसाइड, मग इन्सेक्टिसाइड, शेवटी रायझोबियम. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट. गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करायचं, त्यात पाकीट कालवायचं आणि हलक्या हाताने बियाण्याला चोळायचं. सोयाबीनची साल फार नाजूक, म्हणून पाणी बेताचंच. सावलीत वाळवून लगेच पेरणी. आणि वरून युरिया भरमसाट टाकू नका. आयतं नत्र मिळालं की झाड गाठींच्या भानगडीत पडत नाही. आयता डबा मिळाल्यावर आपल्यातलं कोण स्टोव्ह पेटवतं?

पुढच्या जूनला हे सगळं ओसरीवर बसून केलं. परीक्षेमुळे मला लगेच हॉस्टेलला यावं लागलं. ऑगस्टमध्ये बाबांचा फोन आला, "गाठ कापली रे. लाल निघाली."