गाऱ्हाणे आणि भरवसा : हिब्रू विलापस्तोत्रांच्या भाषेचा विचार

दुःखाच्या प्रसंगी श्रद्धावंताने देवाशी काय बोलावे, हा प्रश्न धर्मविचाराइतकाच भाषाविचाराचाही आहे. खरी श्रद्धा मुकाट्याने सोसते, आणि तोंडातून तक्रार निघाली की श्रद्धेला तडा गेला असे समजावे, हे मत सर्वत्र आढळते. ख्रिस्ती मंडळ्यांतही शोकग्रस्ताला 'देवाची इच्छा' म्हणून समजावण्याची रीत आहे. समजावणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु त्याने दुःखिताचे बोलणे खुंटते, आणि बोलावेसे वाटले ह्याबद्दल अपराधाची भावना त्याच्या दुःखात आणखी भर घालते. ज्या ग्रंथाच्या आधारे हे सांगितले जाते, त्या ग्रंथाची भाषा मात्र निराळी साक्ष देते.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत. तिचे हिब्रू नाव 'तेहिल्लीम', म्हणजे 'स्तवने', असे आहे. तथापि ह्या स्तवनांच्या ग्रंथातील सर्वांत मोठा वर्ग विलापस्तोत्रांचा आहे; एकंदर स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे त्यात मोडतात. जर्मन पंडित हेर्मान गुंकेल (1862–1932) ह्यांनी स्तोत्रांचे प्रकारशः वर्गीकरण केले. त्यांचा मोठा ग्रंथ योआखिम बेग्रिख ह्यांनी पुरा केला आणि तो 1933 साली प्रसिद्ध झाला. ह्या अभ्यासातून विलापस्तोत्राची ठरावीक घडण स्पष्ट झाली : प्रथम देवाला संबोधन, मग तक्रार, मग याचना, त्यानंतर भरवशाचे उद्गार आणि शेवटी स्तवनाचे वचन. प्रत्येक स्तोत्रात हे पाचही घटक ह्याच क्रमाने येतात असे नव्हे. परंतु तक्रार हा त्या घडणीचा मान्य घटक आहे. भक्ताच्या हातून चुकून घडलेला तो प्रमाद नव्हे.

तेरावे स्तोत्र हा ह्या प्रकाराचा सर्वांत आटोपशीर नमुना होय. त्याच्या आरंभी 'अद्-आना', म्हणजे 'कुठवर', हा प्रश्नार्थक शब्दप्रयोग चार वेळा येतो. पहिले दोन प्रश्न थेट देवाच्या वागण्याविषयी आहेत : त्याचे विसरणे आणि त्याचे तोंड लपवणे. तिसरा भक्ताच्या अंतःकरणातील दुःखाविषयी आणि चौथा शत्रूच्या वरचढपणाविषयी आहे. त्यानंतर पाहा, उत्तर दे, डोळ्यांना प्रकाश दे अशा अर्थाची तीन आज्ञार्थी क्रियापदे येतात. मग अकस्मात 'वअनी' हा शब्द येतो. 'व' हे हिब्रूतील उभयान्वयी अव्यय आहे आणि 'अनी' म्हणजे 'मी'. येथे त्या अव्ययाला विरोधाचा अर्थ असून मराठीत त्याची छटा 'मी तर' ह्या शब्दांनी नेमकी उतरते. त्याच वाक्यात 'बाटाह', म्हणजे भरवसा ठेवणे, हा धातू पूर्णतावाचक रूपात येतो.

ह्या रूपाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. मनोव्यापार दाखवणाऱ्या धातूंचे हे रूप पुष्कळदा पूर्वी सुरू झालेली व अद्याप टिकून असलेली अवस्था सुचवते. मराठीतील 'ठेवला आहे' ही रचना त्याला जवळची आहे. भक्त तक्रार संपवून भरवशाकडे वळतो असा ह्याचा अर्थ होत नाही. भरवसा आधीपासूनच होता आणि चारही प्रश्न त्याच्याच पोटी विचारले गेले, असा अर्थ येथे संभवतो.

विलापातून भरवशाकडे होणाऱ्या ह्या झटकन पालटाचा उलगडा करण्यासाठी बेग्रिख ह्यांनी 1934 साली एक उपपत्ती मांडली. तक्रारीनंतर मंदिरातील याजक देवाच्या वतीने अभयवचन उच्चारत असावा आणि ते ऐकून भक्ताचा सूर बदलत असावा, असे त्यांचे म्हणणे होते. उपपत्ती आकर्षक आहे. परंतु तेराव्या स्तोत्राच्या संहितेत असे वचन नाही, आणि दुःख दूर झाल्याचाही उल्लेख नाही. परिस्थिती न बदलता 'मी तर' म्हटले जाते, एवढेच संहितेवरून निश्चित होते.

हा पालट सर्वत्र होतोच असेही नाही. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तो नाही. देवाला तारणकर्ता म्हणून हाक मारून त्याचा आरंभ होतो, धावा केल्याचा उल्लेख तीनदा येतो, आणि काळोखाच्या अर्थाच्या शब्दावर ते संपते. शेवटी समाधान जोडून देण्याची गरज संकलनकर्त्यांना वाटली नाही. मग ह्या स्तोत्रात भरवसा कोठे आहे? तो संबोधनात आणि द्वितीय पुरुषी सर्वनामांत आहे. काळोखातही 'तू' सुटत नाही.

ईयोबाच्या ग्रंथाची रचनाही हेच दाखवते. ईयोबाचे मित्र देवाची बाजू हिरिरीने मांडतात; परंतु त्यांच्या भाषणांत देव सर्वत्र तृतीय पुरुषी आहे. ते देवाविषयी बोलतात, देवाशी बोलत नाहीत. ईयोब मात्र मित्रांना उत्तर देता देता वारंवार देवाकडे वळून त्याला 'तू' म्हणतो. देव ईयोबालाही कठोर प्रश्न विचारतो आणि दुःखाचे कारण त्याला अखेरपर्यंत सांगत नाही. तरीही बेचाळिसाव्या अध्यायात निकाल ईयोबाच्या बाजूने लागतो : मित्रांचे बोलणे यथार्थ नव्हते, ईयोबाचे होते. तेथील 'नेखोना' हा शब्द पक्के, स्थिर असणे ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. त्या वाक्यातील शब्दयोगी अव्ययाचा अर्थ सामान्यतः 'माझ्याविषयी' असा घेतात; 'माझ्याशी' असाही अर्थ व्याकरणदृष्ट्या शक्य आहे.

मग प्रत्येक तक्रार भरवशाचीच म्हणावी काय? तसे नाही. अरण्यातील इस्राएल लोकांच्या कुरकुरीला पवित्र शास्त्रात दोष दिला आहे. तिच्यासाठी 'लून' हा वेगळा धातू येतो आणि त्याच्याबरोबर 'विरुद्ध' ह्या अर्थाचे अव्यय येते. लोक मोशे व अहरोन ह्यांच्याविरुद्ध कुरकुर करतात आणि मिसर देशाकडे परतण्याची भाषा करतात. विलापस्तोत्रातील शब्द त्याहून सौम्य असतात असे नाही. बोलण्याची दिशा मात्र निराळी असते. कुरकुर पाठ फिरवून होते, विलाप समोर उभे राहून होतो.

ख्रिस्ती श्रद्धेत ह्या परंपरेला आणखी वजन येते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात वधस्तंभावरील येशू बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ उच्चारतो. शुभवर्तमान ग्रीक भाषेत असूनही तो उद्गार तेथे अरामी ध्वनींत जपला आहे आणि मग त्याचा अर्थ दिला आहे. त्या उद्गारात देवाने टाकल्याची तक्रार आहे. परंतु 'देव' ह्या शब्दाला 'माझा' ह्या अर्थाचा प्रत्यय लागलेला आहे, तोही दोनदा. ज्याने सोडले असे म्हटले, त्यालाच 'माझा' म्हटले आहे. ज्याला ख्रिस्ती माणूस देवाचा पुत्र मानतो त्यानेच ही भाषा वापरली असल्याने, ती अश्रद्धेची ठरवणे ख्रिस्ती विचारात कठीण आहे.

मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. 'विलाप' ऐकणाऱ्यावाचूनही होतो. 'गाऱ्हाणे' मात्र कोणापुढे तरी, आणि ज्याला दाद देण्याचा अधिकार आहे अशापुढे, मांडावे लागते. कोकणात ग्रामदैवतापुढे गाऱ्हाणे घालण्याची प्रथा आहे. वारकरी संतांनीही विठ्ठलाशी भांडण मांडले आहे. ह्या साम्यावरून दोन धर्मपरंपरा एकच आहेत असे ठरत नाही. परंतु हिब्रू स्तोत्रांचा भाव पेलणारी बोली मराठीत आधीच तयार होती, एवढे त्यावरून दिसते. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंचे जीवन वियोगांनी भरलेले होते : तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, 1882 मध्ये पती आणि 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा. 1922 मध्ये त्या स्वतः निवर्तल्या आणि त्यांचे संपूर्ण भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले.

अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रूगमन ह्यांनी 1986 सालच्या एका लेखात, उपासनेतून विलाप नाहीसा झाला की काय गमावले जाते, ह्याचा विचार केला आहे. त्यांच्या मते देव आणि मनुष्य ह्यांतील नाते मग एकतर्फी होते. न्यायाचा प्रश्न विचारण्याची सवय सुटते, आणि उरतात ती पोकळ स्तवने किंवा अपराधभाव. स्तोत्रांच्या भाषेवरून ह्या मताला पुष्टी मिळते. हिब्रू स्तोत्रकार भरवशाच्या आड दुःख झाकत नाही आणि दुःखापायी भरवसाही टाकत नाही. एकाच वाक्यप्रवाहात तो दोन्ही ठेवतो. म्हणून शोकग्रस्ताच्या तोंडून 'कुठवर' हा प्रश्न निघाला, तर तो कोणाला उद्देशून विचारला आहे हे ऐकणाऱ्याने आधी पाहावे. देवाला उद्देशून असेल, तर तीही प्रार्थनाच होय.