किलोभर कोशाचा नऊशे किलोमीटर धागा

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या मागांवर कोसा रेशीम विणतात. तो ज्या कोषातून निघतो, त्या एका कोषात साधारण 750 मीटर तंतू असतो. किलोभर सुताला असे बाराशे कोष लागतात. सगळे तंतू टोकाला टोक जोडून पसरले, तर 900 किलोमीटर होतील. म्हणजे रेल्वेने भंडारा रोड ते थेट मुंबई.

हा कोष करणारी अळी जंगलात ऐनाच्या झाडावर वाढते. अंड्यातून बाहेर येते तेव्हा वजन जेमतेम 8 मिलिग्रॅम. महिना-सव्वा महिन्यात ती 40 ग्रॅमवर जाते, पाच हजार पट! तीन किलोचं बाळ या वेगाने वाढलं, तर सव्वा महिन्यात 15 टनांचं होईल. त्यासाठी एकेक अळी अडीचशे ग्रॅम तरी पाला फस्त करते, तोही बहुतेक शेवटच्या दिवसांत. बाराशे अळ्यांचा हिशेब 300 किलो. कॅनडात मेपलचा 40 लिटर रस आटवून लिटरभर पाक मिळतो. इथे 300 किलो पाल्याचं एक किलो सूत.

पण मला सर्वात हलवून सोडतो तो मरणाचा आकडा. एक मादी दोनशेच्या आसपास अंडी घालते आणि हाती येतात पन्नासेक कोष. म्हणजे किलोभर सुतासाठी 4,800 अंडी, त्यांतले 3,600 जीव वाटेतच गेलेले. मुंग्या, गांधीलमाश्या, पक्षी टपलेलेच असतात. उझी माशी अळीच्या अंगावर अंडं घालते आणि त्यातली अळी तिला आतून पोखरते. पेब्रिन हा रोग तर आईकडूनच अंड्यात उतरतो; म्हणून अंडी घालून झालेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि रोग दिसला की तिचा अख्खा अंडीपुंज नष्ट करतात.

अळी जपायची तर तिचं झाडही जपावं लागतं. अमेरिकेतल्या वूस्टर शहरात 2008 मध्ये मेपल पोखरणारा भुंगा सापडला आणि पुढे 30 हजारांहून जास्त झाडं तोडावी लागली. ऐनालाही कीड लागते, पानांवर गाठी धरतात. पण इथे औषध फवारलं तर आधी कोशाची अळीच मरेल. सगळी भिस्त माणसांच्या हातांवर. ही राखण पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाची कुटुंबं करत आली आहेत आणि कोशाचा भाव ठरताना या कष्टांना फार कमी मोल मिळतं, असं मला ठामपणे वाटतं. भर पावसात गाठाळलेली पानं खुडायची, गोफणीने पाखरं हुसकायची, आणि एका झाडाचा पाला संपला की डहाळीसकट अळ्या उतरवून दुसऱ्या झाडावर चढवायच्या.