विद्यापीठातले इंग्रजी आणि आपली मुले

भोकरदन, मंठा, घनसावंगी या तालुक्यांतून दरवर्षी कितीतरी मुले-मुली बारावी होऊन पुढे शिकायला जातात. कुणी जालन्याच्या कॉलेजात, कुणी छत्रपती संभाजीनगरला, कुणी बदनापूरच्या कृषी महाविद्यालयात. मराठीतून बी. ए. करणाऱ्याचे इंग्रजीचा पेपर सुटला की भागते. पण शास्त्र, शेती किंवा इंजिनिअरिंग घेतले की पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी आणि तोंडी परीक्षाही बहुधा इंग्रजीच. मुलाला उत्तर येत असते, पण तोंड उघडत नाही. परीक्षकाला वाटते, याचा अभ्यास नाही. घरी वडील म्हणतात, पोरगं हुशार होतं, तिकडं जाऊन बिघडलं. दोघेही चुकतात, आणि दंड मात्र मुलगा भरतो.

परक्या भाषेतून शिकणे मराठवाड्याला नवे नाही. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथे माध्यम उर्दू होते. मराठी घरातली मुले त्या भाषेतून इतिहास आणि गणित शिकली, पदवीधर झाली. मात्र त्यांच्या कानावर कचेरीत, बाजारात उर्दू पडत असे. आपल्या मुलांच्या कानावर इंग्रजी पडते ते सुटे सुटे: मोबाइल, चार्जिंग, बॅलन्स. शब्द पुष्कळ, वाक्य एकही नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. म्हणजे कॉलेजात जाईपर्यंत बारा वर्षे झाली. तरी तोंड का उघडत नाही, याचे उत्तर यातच आहे.

आपण म्हणतो, 'शेतकरी बाजारात तूर विकतो.' आपले क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत कर्त्यामागोमाग लगेच क्रियापद: 'द फार्मर सेल्स तूर इन द मार्केट.' आपला 'त' बाजाराच्या मागे चिकटतो, त्यांचा 'इन' पुढे उभा राहतो. 'द' तर आपल्याकडे नाहीच. मुलगा आधी मनात मराठी वाक्य जुळवतो आणि मग ते उलटे करायला जातो. अरुंद बोळात बैलगाडी वळवण्यासारखेच हे. तोवर परीक्षकाने पुढचा प्रश्न विचारलेलाही असतो!

म्हणून गुरुजी, शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्यापेक्षा लहान वाक्ये तोंडात बसवा. मुलाने रोज पाच वाक्ये लिहावीत, ती स्वतः पाहिलेल्या गोष्टींवर. गाइडातला 'माझे ध्येय' हा निबंध नको. तो राज्यातल्या साऱ्या मुलांचा एकच असतो. आज मोटारीला वीज किती वेळ होती, मोसंबीला काय भाव मिळाला, एस. टी. किती उशिरा आली, हे लिहू द्या. मग तीच वाक्ये मोठ्याने म्हणायला लावा आणि दुसऱ्या दिवशी भूतकाळात करून घ्या. तपासताना एका आठवड्यात एकच चूक धरा. या आठवड्यात क्रियापदाचा 'स', पुढच्या आठवड्यात 'द'. सगळे पान तांबडे केले तर मुलगा लिहिणेच सोडतो.

उच्चाराची फार धास्ती घेऊ नये. साहेबासारखे बोलायला कुणी सांगितलेले नाही. एवढे मात्र सांभाळावे की इंग्रजी शब्दात जोर कुठे पडतो याला महत्त्व आहे. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, तर 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. जोर चुकला की ऐकणारा गोंधळतो. रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या रोज दहा मिनिटे ऐकून, ऐकलेले वाक्य लगेच म्हणून पाहिले, तर हे कानानेच कळते.

लिहिण्याचे थोडे निराळे आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या जांबच्या समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास दिला आहे. लिहिणे हाताने कमवावे लागते, हे आपल्याकडे जुनेच आहे. विद्यापीठातल्या लेखनात त्यावर आणखी एक अट असते: जेवढे पाहिले तेवढेच म्हणायचे. बीडीएन ७११ ही तूर आपण पेरतो. त्यातले बीडीएन म्हणजे आपले बदनापूर, तिथल्या संशोधन केंद्राचे ते वाण. समजा, एका शेतात ती चांगली पिकली. गावात आपण बेधडक म्हणतो, 'ही तूर सगळ्यात भारी.' प्रबंधात असे चालत नाही. कोणत्या जमिनीत, किती पाण्यावर, कशाच्या तुलनेत, हे आधी लिहावे लागते. मग 'प्रूव्ह्ज' म्हणजे सिद्ध होते असे न लिहिता 'सजेस्ट्स' म्हणजे असे दिसते, एवढेच लिहावे. या दोन क्रियापदांतला फरक ज्याला कळला, त्याचे निम्मे काम झाले. सरावासाठी पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे आणि आशय तीन वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहावा. पुस्तक उघडे ठेवले तर ती नक्कल होते, बरं का.

तोंडी परीक्षेला जाण्याआधी एक वाक्य मात्र पाठच करावे: 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?' म्हणजे, प्रश्न पुन्हा सांगता का? पुष्कळ मुले प्रश्न कळला नाही म्हणून गप्प बसतात, कारण पुन्हा विचारणे त्यांना कमीपणाचे वाटते. आईबापांनो, इंग्रजी तुम्हांला येत नसले तरी हे वाक्य घरी मुलाकडून दहा वेळा मोठ्याने म्हणवून घेता येईल.