ऋणमोचन : अनोळखी माणसाचे देणे

पौष मास लागला, की वऱ्हाडातील भाविकांची पावले पूर्णामाईच्या तीराकडे वळू लागतात. अमरावती जिल्ह्याच्या भातकुली तालुक्यात, पूर्णेच्या काठी वसलेले ऋणमोचन हे मुद्गलेश्वराचे क्षेत्र. पौषातील रविवारी येथे यात्रा भरते. सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांची भूमी भिजवीत तापीला मिळणाऱ्या या नदीत पहाटेच्या थंडीत स्नान करावे, सूर्यनारायणाला अर्घ्य द्यावे, देवदर्शन घ्यावे आणि यथाशक्ती दानधर्म करून घरी परतावे, असा भाविकांचा परिपाठ आहे. याच दिवसांत मकरसंक्रांत येते. घरोघर तीळ भाजले जातात, गुळाचा पाक होतो आणि वर्षभरातील कटू शब्दांचा विसर पडावा म्हणून लहानथोर एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवतात. ऋण फेडण्याचे क्षेत्र आणि चुकलेले शब्द गोड करण्याचा सण एकाच सुमारास यावेत, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते.

ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. पण कोणत्या ऋणातून? देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात मात्र आणखी एक, चौथे ऋण सांगितले आहे. ते म्हणजे मनुष्यऋण. जन्माला येणारा प्रत्येक जीव हे देणे माथी घेऊनच येतो, आणि माणसांना आसरा द्यावा, त्यांना अन्न द्यावे, म्हणजे ते फिटते, असे तो ग्रंथ सांगतो. पूजेत, पाठात आणि श्राद्धपक्षात पहिली तीन ऋणे आपण निष्ठेने फेडतो. चौथ्याचा हिशेब मात्र बहुधा राहून जातो. कारण त्याचा धनको आपल्या ओळखीचा नसतो. तो रस्त्याने चाललेला कोणी एक वाटसरू असतो.

हे चौथे ऋण कसे फेडावे, याचा वस्तुपाठ या पूर्णाकाठीच एका महापुरुषाने घालून दिला आहे. ते म्हणजे श्रीसंत गाडगेबाबा. वाचकांना बाबांचा खराटा आणि हातातले गाडगे परिचित आहे. परंतु बाबांच्या चरित्रातील एका गोष्टीकडे आम्हांस आज वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. आपल्या घरात, आपल्या गावात आणि आपल्या समाजात घडलेली प्रत्येक चूक त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिली, आणि तिच्या जागी परक्या माणसाला उपयोगी पडेल असे काही तरी उभे केले.

चुकांच्या शाळेतील विद्यार्थी

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात देबूजींचा जन्म झाला. वडील झिंगराजी. देवाच्या नावाने बकरे कापावे, त्या निमित्ताने मद्याचे पेले फिरावे, ही त्या काळची रूढी. त्या मद्याने झिंगराजींचे शरीर पोखरले आणि देबू लहान असतानाच ते गेले. अंतकाळी त्यांना आपली चूक उमगली होती आणि मुलाला या मार्गापासून दूर ठेवण्याविषयी त्यांनी पत्नीला बजावले होते, असे चरित्रकार सांगतात. माता सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास आल्या. तेथे गुरे राखीत, नांगर धरीत देबूजी वाढले.

पुढे त्यांचा विवाह झाला, कन्यारत्न झाले. बारशाच्या निमित्ताने भाऊबंदांनी नेहमीच्या सामिष भोजनाची आणि मद्याची अपेक्षा धरली होती. देबूजींनी पंगतीला गोडाचे जेवण वाढले. आप्तांचा रोष झाला, कुजबुज झाली. परंतु ज्या चुकीने आपले पितृछत्र हिरावले, ती चूक आपल्या दारात पुन्हा पंगतीला बसू द्यावयाची नाही, हा त्यांचा निश्चय होता.

दुसरा धडा मामांच्या घरी मिळाला. मामा कष्टाळू शेतकरी; पण अक्षरशत्रू. सावकाराच्या कागदात काय लिहिले आहे, हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्याची किंमत काय ती सावकारच ठरविणार! कसदार जमीन हिशेबाच्या पोटात गेली आणि घर खचले. बाबांनी जन्मभर कीर्तनातून लोकांना विनवले, की भांडी विकावी लागली तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलांना शाळेत घालावे. त्यामागे दापुऱ्याची ती गेलेली जमीन होती.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे देबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात फुटके गाडगे. गाव अनोळखी, माणसे अनोळखी. बारा वर्षांच्या त्या भ्रमंतीत कोणी भाकरी घातली, कोणी हाकलून दिले. ज्याच्याजवळ स्वतःची ओळख सांगण्यासारखे काहीच नाही, त्याला जग कसे वागवते, हे त्यांनी स्वतः अनुभवले. पुढे त्यांनी ज्या धर्मशाळा बांधल्या, त्यांचा पाया आमच्या मते या अनुभवातच घातला गेला.

पंढरीच्या वाळवंटातील आसरा

आषाढी-कार्तिकीला बाबा पंढरीस जात. पण दर्शनाच्या रांगेत ते दिसत नसत. चंद्रभागेचे वाळवंट झाडताना आणि रात्री त्याच वाळवंटात कीर्तन करताना दिसत. तेथे त्यांच्या दृष्टीस एक विपरीत प्रकार पडला. शेकडो मैल चालून, मुखी विठ्ठलनाम घेऊन आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला पंढरीत रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. देवाच्या दारी आलेला भक्त, आणि तोच तेथे परका! समाजाची ही चूक बाबांनी वादविवादाचा विषय केली नाही. त्यांनी विटा रचल्या. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. ज्या संताला हयातीत मंदिराच्या बाहेर राहावे लागले, त्याच्याच नावाने वारकऱ्यांना छप्पर मिळाले. विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. बाबांच्या धर्मशाळेचे दार त्यापूर्वीच उघडे होते. १९४९ मध्ये ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती विद्येच्या कार्यासाठी.

नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरलाही झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ परगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १९५४ मध्ये निवारा झाला. दवाखान्यात खाटेवर रुग्ण असतो. परंतु त्याची माता, त्याची पत्नी रस्त्याच्या कडेला बसून असते, हे अनेकांनी पाहिले होते. बाबांनी ते पाहिले आणि मनावर घेतले.

चूक दाखवण्याची रीत

बाबांच्या कीर्तनाची पद्धतही मनन करण्यासारखी आहे. गावात आले की प्रथम गाव झाडावयाचे आणि मग रात्री कीर्तनास उभे राहावयाचे. कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण करावा काय, देव बकरे मागतो काय, माणसाचा विटाळ होतो काय? उत्तरे श्रोत्यांच्याच मुखातून येत. आपली चूक आपल्याच तोंडाने उच्चारली गेली, की माणूस ती सहजासहजी विसरत नाही. बाबांची वाणी कठोर असे. पण त्या कठोरपणात तुच्छता नसे. सकाळी ज्याने आपल्या दारापुढचा कचरा स्वतःच्या हातांनी उचलला, त्याचा रात्रीचा शब्द कोणाला अपमानाचा वाटणार? चूक दाखविणे वेगळे आणि माणसाला लाजविणे वेगळे. प्रथम सेवा, मग उपदेश, हा क्रम आपल्या घरांतही पाळला जाईल, तर कितीतरी संसारांतील कटुता तिळगुळावाचूनही विरघळून जाईल.

महारोग्यांची पंगत

ऋणमोचनाशी बाबांचे नाते अखेरपर्यंत राहिले. येथे त्यांनी घाट बांधविले. पौषातील यात्रेत आंधळे, पांगळे आणि महारोगी यांना अन्नवस्त्र देण्याचा त्यांचा नेम होता. महारोग्याच्या पानावर आपल्या हाताने वाढणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. कारण कुष्ठरोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, अशी समाजाची समजूत होती. रोगी घरातून जाई, गावातून जाई, पंगतीतून तर जाईच. नॉर्वेतील वैद्य हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधून काढला. तरी समजूत हलली नाही. १८९८ च्या कायद्याने तर भीक मागणाऱ्या निर्धन कुष्ठरोग्याला पकडून डांबून ठेवण्याची मुभा दिली. आजारी माणूस जणू गुन्हेगारच ठरला.

ही चूक दुरुस्त करण्याचे काम वऱ्हाडात ज्यांनी अंगावर घेतले, त्यांत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे नाव अग्रभागी आहे. स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेल्या दाजीसाहेबांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन उभारले. विदर्भ महारोगी सेवा मंडळाच्या या आश्रमात रोग्याला औषध मिळाले. त्याच्या हाताला कामही मिळाले. शेती, विणकाम, सुतारकाम अशा उद्योगांत, समाजाने निकामी ठरविलेली बोटे पुन्हा गुंतली. दाजीसाहेबांना १९५९ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये त्यांनी देह ठेवला. ज्यांच्याशी रक्ताचे नाते नाही, अशा शेकडो परक्यांचे ते आप्त झाले होते.

आता या रोगावर खात्रीचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा महिने ते वर्षभराच्या उपचाराने रोगी बरा होतो आणि सरकारी दवाखान्यांत हा उपचार विनामूल्य मिळतो. कायद्यानेही आपली चूक सावकाश सुधारली. १८९८ चा तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद २०१९ मध्ये विवाहविषयक कायद्यांतून गेली. औषध आले, कायदा बदलला. मनातील भिंत पाडण्याचे काम मात्र कोणत्याही शासनाला करता येत नाही. ते घरोघरच व्हावे लागते. अंगावर बधिर चट्टा दिसला, तर तो लपवू नये, दवाखान्यात दाखवावा. आणि बऱ्या झालेल्या माणसाला शेजार नाकारू नये. हेही ऋणमोचनच आहे.

ही परंपरा वऱ्हाडात खंडित झालेली नाही. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस, अंध, मतिमंद आणि मूकबधिर लेकरांना आसरा दिला. एवढेच नव्हे, तर वडिलांच्या जागी त्यांना स्वतःचे नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अनोळखी लेकराला अन्न देणारे अनेक असतात. नाव देणारा विरळा.

आपल्या उंबरठ्यावर

आता प्रश्न आपल्या घरांचा. संक्रांतीचे हळदीकुंकू म्हणजे स्नेहाचा सोहळा. वाण लुटले जाते, अत्तरगुलाब होतो. परंतु त्याच आळीत एखादी भगिनी, जिचे सौभाग्य काळाने हिरावले आहे, ती त्या दिवशी दार लोटून घरात बसते. कालपर्यंतची जिवाभावाची शेजारीण एका दिवसात परकी होते. तिचा अपराध कोणता? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद केल्या. एका खेड्याने आपली चूक उघडपणे मान्य केली, आणि त्याने त्या गावाची मान उंचच झाली. मग आपल्या चार भिंतींत हा निर्णय घेण्यास कोणाचा ठराव हवा? तिच्या हातावर पहिला तिळगूळ पडावा, हीच आमची विनवणी आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. त्यांनी आयुष्यभर बांधलेल्या वास्तूंपैकी एकही स्वतःच्या घरासाठी नव्हती. चुकलेल्या माणसाला आपण सहसा सांगतो, की पश्चात्ताप कर. पश्चात्तापाने मन निवळते हे खरे. परंतु ज्या चुकीने एकाला दुखविले, ती दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये अशी तजवीज झाली, तरच ती फिटली असे म्हणावे. बापाचे व्यसन मुलाने टाकले, मामाचा अंगठा भाच्याने शाळांत रूपांतरित केला, पंढरीची बंद दारे पाहून त्याने धर्मशाळेची दारे उघडली. धनको केव्हाच निघून गेले होते. देणे अनोळखी माणसांच्या हाती पोहोचले.

वाचकहो, पूर्णेच्या काठचा बराच मुलूख खारपाणपट्ट्यातला. येथे विहिरीला खारे पाणी लागते आणि गोड्या पाण्याची किंमत वऱ्हाडच्या माणसाला निराळी सांगावी लागत नाही. या पौषात दारी आलेल्या अनोळखी वाटसरूला एक तांब्या गोडे पाणी आणि तिळगुळाचा एक खडा द्यावा. त्याचे गाव विचारावे, जात विचारू नये. हिशेबाच्या वहीत राहून गेलेले चौथे ऋण तेवढ्यापासूनच फिटू लागेल.