लहानग्यांच्या रात्रीच्या पोटदुखीचे मूळ दिवसभराच्या खाण्यात

नवी दिल्ली : दोन वर्षांचे मूल रात्री एक-दोनच्या सुमारास पोट धरून रडत उठले, की घरातील पहिला अंदाज ‘गॅस’ हा असतो, दुसरा ‘जंत’ आणि तिसरा ‘दृष्ट’. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला जातो, पाठीवरून हात फिरवला जातो आणि अर्ध्या तासात मूल झोपी गेले तर विषय तेथेच संपतो. दुसऱ्या आठवड्यात तोच प्रसंग पुन्हा घडतो. एक ते तीन वर्षे या वयोगटातील वारंवार होणाऱ्या पोटदुखीमागे बहुतेक वेळा गंभीर आजार नसतो, असे बालरोगशास्त्र सांगते. तिचे कारण अनेकदा मुलाच्या खाण्याच्या घड्याळात आणि त्याच्या दुधाच्या बाटलीत सापडते.

पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाचे वजन जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट होते. तीन किलोचे बाळ वर्षभरात नऊ किलोच्या आसपास पोहोचते. दुसऱ्या वर्षी मात्र त्याचे वजन जेमतेम दोन ते अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेग घटला की भूकही घटते. हा निसर्गक्रम आहे. नेमके याच वयात मूल चालू लागते, ‘नको’ म्हणायला शिकते आणि ताटापेक्षा दाराबाहेरचे जग त्याला अधिक ओढ लावते. ‘काहीच खात नाही’ ही तक्रार येथून सुरू होते. मग दिवसभर बिस्किटे, पुड्यातला खारट खाऊ आणि अधूनमधून दूध असे थोडे थोडे पोटात जात राहते. रात्री वडील कामावरून परतल्यावर, साडेनऊ-दहा वाजता, मोबाइलवरील गाण्याच्या साथीने दिवसाची कसर एका बैठकीत भरून काढली जाते. त्यावर झोपताना पुन्हा बाटलीभर दूध.

झोपेत मोठ्या आतड्याची हालचाल मंदावते. स्निग्ध आणि भरपेट जेवण जठरातून पुढे सरकण्यास वेळ लागतो. असे भरलेले पोट घेऊन मूल आडवे झाले, की अन्ननलिका व जठर यांच्यामधील झडप शिथिल होताच आंबट द्रव वर येतो. तान्हेपणीची दूध उलटण्याची सवय बहुतेक मुलांमध्ये दीड वर्षापर्यंत सुटलेली असते. तरीही उशिराच्या जेवणानंतर झोपेत खोकला येणे, तोंडाला आंबट वास येणे किंवा छातीपाशी हात नेऊन रडणे, ही लक्षणे दिसू शकतात. जेवण आणि झोप यांत दीड-दोन तासांचे अंतर ठेवले तरी अशा अनेक मुलांच्या रात्री शांत होतात. घरातील मोठ्यांचे जेवण उशिरा असेल तर मुलाचे ताट सात-साडेसातलाच वाढावे; सर्वांनी एकत्र जेवण्याचा आग्रह या वयापुरता सुटीच्या दिवसावर सोपवणे शहाणपणाचे.

दुधाचा हिशेब मात्र सविस्तर मांडायला हवा, कारण आपल्या घरांत दुधाविषयी शंका घेणे जवळजवळ निषिद्ध आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाची ऊर्जेची दैनंदिन गरज साधारण हजार ते अकराशे किलोकॅलरी असते. एक लिटर गाईच्या दुधातून सुमारे साडेसहाशे किलोकॅलरी मिळतात, तर म्हशीच्या एक लिटर दुधातून हजारांच्या आसपास. म्हणजे सकाळी, दुपारी, सायंकाळी आणि झोपताना मिळून लिटरभर म्हशीचे दूध पिणाऱ्या मुलाची दिवसाची भूक दुधावरच भागलेली असते. ते जेवत नाही याचे नवल वाटण्याचे कारण नाही. त्याला दिवसाला साधारण अर्धा लिटरपर्यंत दूध पुरेसे आहे, असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. त्यात दही व ताक यांचाही हिशेब धरावा.

दुधात तंतुमय पदार्थ नसतात आणि लोह अत्यल्प असते. पहिल्या उणिवेतून बद्धकोष्ठता येते, दुसरीतून रक्तक्षय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील ६ ते ५९ महिने वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. या आकड्यामागे दारिद्र्य, जंत, संसर्ग अशी अनेक कारणे आहेत. परंतु ज्या घरात अन्नाची वानवा नाही तेथेही फिकट, चिडचिडे मूल दिसते, तेव्हा दुधाच्या बाटल्या मोजून पाहाव्यात.

रात्रीच्या पोटदुखीशी बद्धकोष्ठतेचे नाते सर्वांत जवळचे आहे आणि तेच सर्वाधिक दुर्लक्षित राहते. मूल रोज थोडेसे शौचाला जात असल्याने पालकांना शंका येत नाही. एकदा खडा होऊन शौचाला दुखले, की मूल पुढच्या वेळी वेग रोखून धरते. पाय ताठ करून उभे राहणे, पडद्यामागे किंवा सोफ्याच्या कोपऱ्यात लपणे, चेहरा लालबुंद होणे याला आईवडील ‘जोर लावतोय’ असे समजतात. प्रत्यक्षात ते अडवणे असते. साठलेल्या मळातील पाणी आतडे शोषत राहते, खडा अधिक मोठा व टणक होतो, गुदाशय ताणला जातो आणि हळूहळू वेगाची जाणीवच बोथट होते. जेवण पोटात गेले की मोठे आतडे आपसूक आकुंचन पावते. रात्रीचे जेवण भरपेट असेल तर हे आकुंचन साठलेल्या मळावर दाब देते आणि कळ येते.

याची एक फसवी अवस्था असते. साठलेल्या खड्याच्या बाजूने पातळ मळ झिरपतो व चड्डी वारंवार डागाळते. घरच्यांना ते जुलाब वाटतात आणि जुलाब थांबवण्याचे औषध दिले जाते, म्हणजे रोगाच्या नेमके उलट. लोपेरामाइडसारखी औषधे या वयाच्या मुलांना घरच्या घरी कधीही देऊ नयेत.

आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शौच, कडक वा दुखरी शौच, वेग रोखून धरणे, यांपैकी दोन गोष्टी महिनाभर दिसल्या तर चार वर्षांखालील मुलांत डॉक्टर बद्धकोष्ठतेचे निदान करतात. उपचारात मळ मऊ ठेवणारे औषध काही महिने घ्यावे लागते. चार दिवसांत आराम पडला म्हणून ते परस्पर बंद केल्यास खडा पुन्हा साठतो. सोबत पेरू (बिया काढून), पपई, भिजवून कुसकरलेले मनुके, भाज्या घातलेली खिचडी, वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, पुरेसे पाणी. न्याहारी वा जेवणानंतर पाच-दहा मिनिटे, पाय टेकतील अशा रीतीने मुलाला भांड्यावर बसवावे. रागावणे, बळजबरी करणे यांनी अडवण्याची सवय अधिक पक्की होते.

फळांच्या रसाचा परिणाम बरोबर उलट. सफरचंदाच्या रसातील फ्रुक्टोज व सॉर्बिटॉल लहान आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत. मोठ्या आतड्यात ते आंबतात, वायू होतो आणि शौचास पातळ होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी रसाची मर्यादा दिवसाला सुमारे १२० मिलिलिटर घालून दिली. फळ खाऊ घालता येत असताना रस देण्याचे कारणही नाही. अशा जुलाबांत मूल खेळते, वजन वाढते आणि रात्री सहसा शौचासाठी उठत नाही. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब मात्र तपासून घ्यावेत. संसर्गाच्या जुलाबांनंतर काही दिवस दुधातील साखर पचत नाही, तीही तात्पुरतीच. दूध कायमचे बंद करण्याची गरज नसते.

जुलाब झाल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली ओआरएसची पुडी आणि जस्ताची १४ दिवसांची मात्रा हेच मुख्य उपचार. डब्यातील गोड पेये त्याची जागा घेऊ शकत नाहीत. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

जंतांचा संशय अगदीच निराधार नाही. सुतासारखे पांढरे कृमी रात्री गुदद्वारापाशी येऊन अंडी घालतात, त्यामुळे मूल खाजवत उठते; तेथे पोटापेक्षा खाज हे मुख्य लक्षण असते. राष्ट्रीय जंतनाशक दिन मोहिमेत २०१५ पासून अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोल दिले जाते, एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी गोळी चुरून. ती मात्रा घेतली असेल तर प्रत्येक पोटदुखीला पुन्हा जंतांचे औषध पाजणे निरर्थक आहे.

‘गॅस’ या एका शब्दाखाली क्वचित जिवावरचे संकटही झाकले जाते. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरण्याचा विकार पहिल्या वर्षी सर्वाधिक, पण तीन वर्षांपर्यंतही आढळतो. मूल अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळते, काही मिनिटांत शांत होते आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तसेच. हिरवी उलटी, शौचात रक्त वा लालसर शेंब, फुगलेले ताठ पोट, मूल मलूल पडणे, सहा-आठ तास लघवी न होणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. दोन कळांच्या मधे मूल ठीक दिसत असल्याने कळ आलेली असताना मोबाइलवर चित्रण करून ते डॉक्टरांना दाखवावे. सोनोग्राफीत हा विकार कळतो आणि वेळेत पोहोचलेल्या बहुतेक मुलांमध्ये गुदमार्गे हवा किंवा द्रव सोडून, शस्त्रक्रियेविना आतडे पूर्ववत करता येते. उशीर झाल्यास त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतड्याचा तुकडा कापून काढावा लागतो.