गाडी कशी हाकली, याचा हिशेब आता मोबाईल ठेवतो



आपल्या गटांतल्या बऱ्याच घरांतली पोरं आज घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीकडे आहेत. कुणी टॅक्सीवर, कुणी टेम्पोवर, कुणी दुचाकीवरून घरपोच माल देण्याच्या कामाला. गावी राहिलेली पोरं हंगाम लागला की ट्रॅक्टरवर बसतात. म्हणजे घराचा आधार इकडेही स्टिअरिंगवर आणि तिकडेही. सबब या अंकात लागण-खोडवा बाजूला ठेवून गाडी हाकण्याविषयी लिहीत आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले व १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातली १५,२२४. मेलेल्यांपैकी शंभरात एकाहत्तर अतिवेगाच्या अपघातांत गेले.

आता नवी गोष्ट अशी की, जो मोबाईल अपघाताला कारण होतो, तोच तो टाळायलाही कामी येऊ लागला आहे. ऊस पक्व झाला की नाही हे आपण हँड रिफ्रॅक्टोमीटरने पाहतो, तसेच हे. मोबाईलमध्ये वेग व ठिकाण कळण्याची आणि हिसका, वळण मोजण्याची सोय असते. त्यावरून ब्रेक किती वेळा कचकन मारला, वळण जोरात घेतले का, वेग किती होता, गाडी चालू असताना फोन हाताळला का, हे सगळे टिपले जाते. प्रवास संपला की चालकाला गुण मिळतात.

जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने ‘जेवढी चालवाल तेवढे भरा’ व ‘जशी चालवाल तसे भरा’ अशा दोन्ही प्रकारच्या मोटार विम्याला मुभा दिली. मुंबईच्या झुनो जनरल इन्शुरन्स कंपनीने तर मोबाईलवरच्या गुणांवर हप्त्यात सवलत देणे सुरू केले. मात्र एक ध्यानात घ्यावे. ही सवलत आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळते. तिसऱ्या पक्षाच्या विम्याचा दर सरकार ठरवते, त्यात फरक पडत नाही.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेत सुमारे २,००० चालकांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. नुसते आकडे दाखवून फारसा फरक पडला नाही. आकडे, इतरांशी तुलना आणि पैशाचे बक्षीस ही तिन्ही एकत्र आली, तेव्हा चालत्या गाडीत फोन हाती घेणे कमी झाले. आपल्याला यात नवल वाटायला नको. माती परीक्षणाचा कागद कित्येकांच्या घरी फडताळात पडून असतो. पण शेजाऱ्याने एकरी उत्पादनाचे बक्षीस नेले, की दुसऱ्या वर्षी तोच कागद शोधून काढला जातो!

मोबाईलशिवायही असे प्रयत्न आहेत. नागपुरात २०२१ साली ‘आय-रास्ते’ प्रकल्प सुरू झाला. त्यात शहर बसमध्ये पुढचा धोका ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रे बसविली गेली.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लालबहादूर शास्त्री मार्गावर रिक्षा अचानक आडवी आली, तर शहाण्या चालकालाही ब्रेक कचकन मारावा लागतो. यंत्राला ते कारण कळत नाही. शिवाय आपण कुठे गेलो, कधी गेलो, ही माहिती कंपनीकडे जाते. अटी वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. ज्याला पैसे मिळतात, तेच काम माणूस करतो. अंधेरीतल्या दुचाकीवाल्या पोराला एका खिशातला मोबाईल सांगतो, ‘सावकाश चालव’. पण कमाई किती ऑर्डरी पोचवल्या यावर असते. मग तो सावकाश कसा जाणार? आपल्याकडे तरी काय आहे? ऊस वाहतुकीचा पैसा टनावर. खेपा जास्त तर पैसा जास्त. मग ट्रॅक्टरवाला रात्र-रात्र झोपत नाही, झोप येऊ नये म्हणून टेप मोठ्याने लावतो, आणि मागच्या गाडीचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही. दोष एकट्या पोराचा म्हणता येणार नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की, एकरी उत्पादनाला बक्षीस असते, तसे विनाअपघात हंगाम पार पाडणाऱ्या वाहनचालकालाही असावे. ते गटसभेत, घरच्यांच्या समोर दिले जावे. मोबाईलचे गुण त्याला आधार म्हणून घेता येतील, पण निकाल माणसांनीच द्यावा.

तोवर एवढे तरी करावे. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावावेत, टेप बंद ठेवावा, दोन खेपांमध्ये झोप घ्यावी. चालवताना फोन हातात घेणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालविणे ठरते व त्याला कैदही आहे. आणि घरच्यांनीही पोरगा गाडीवर असताना ‘कुठवर आलास?’ म्हणून फोन करू नये. तो पोचला की स्वतः करील.

— ऊस विकास अधिकारी