महाविद्यालयांची अनुदाने, प्राध्यापकांचे पुरस्कार : वऱ्हाडातले चित्र

महाविद्यालयाकडे सरकारी पैसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट वेतन अनुदानाची. मान्य पदांचा पगार राज्य सरकार देते आणि अमरावती, अकोला जिल्ह्यांतल्या अनुदानित महाविद्यालयांचे हे काम अमरावतीच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून चालते. इथे दरवर्षी नवी स्पर्धा नसते. दुसरी वाट योजनांची आणि प्रकल्पांची : प्रयोगशाळा, ग्रंथालय, संशोधन, परिसंवाद यांसाठी अर्ज करून, छाननीतून पार पडून मिळणारी रक्कम. कायम विनाअनुदानित तत्त्वावर मंजूर झालेल्या महाविद्यालयांना पहिली वाट बंदच असते, त्यामुळे त्यांना दुसरीची गरज अधिक. प्रत्यक्षात तिथेही तीच मागे पडतात.

सरकारी योजना येण्याआधी वऱ्हाडातले उच्च शिक्षण बरेचसे देणगीवर उभे राहिले. अमरावतीचे शासकीय विदर्भ महाविद्यालय १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज या नावाने सरकारनेच काढले, हे खरे. पण १९३२ साली डॉ. पंजाबराव देशमुखांनी स्थापन केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था लोकाश्रयावर वाढली, आणि अकोल्यातल्या महाविद्यालयांच्या पाट्यांवरची तोष्णीवाल, गोयनका ही नावे त्याच काळाची आठवण देतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. त्या कायद्यातली दोन कलमे महाविद्यालयांच्या कार्यालयात सर्वांना पाठ असतात. २(एफ) म्हणजे आयोगाच्या यादीत नाव. १२(बी) म्हणजे केंद्रीय मदतीसाठी पात्रता. पहिले आहे पण दुसरे नाही, अशा महाविद्यालयाचा प्राध्यापक कितीही हुशार असला तरी अनेक योजनांच्या दारातूनच परततो. त्यात नॅकची भर पडली. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेचे मूल्यांकन आता बहुतेक संस्थात्मक निधीसाठी लागतेच. थोडक्यात, अर्ज प्राध्यापक लिहितो, पण तो ग्राह्य धरायचा की नाही हे संस्थेने आधीची पाच-दहा वर्षे काय केले यावर ठरते.

वऱ्हाडातल्या प्राध्यापकांच्या ओळखीची योजना म्हणजे आयोगाचा लघु संशोधन प्रकल्प, बोलण्यातला ‘मायनर’. पश्चिम विभागाचे हे प्रस्ताव आयोगाच्या पुणे कार्यालयाकडे जात. रक्कम मोठी नसे, पण तालुक्याच्या गावातल्या माणसाला प्रस्ताव लिहिणे, हिशेब ठेवणे, अहवाल देणे यांचा सराव त्यातून होई. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपली आणि ही नियमित निमंत्रणे थांबली. पुढे आलेल्या योजना रकमेने मोठ्या आहेत. ती पहिली पायरी मात्र त्यांनी भरून काढलेली नाही.

संस्थांसाठी २०१३ मध्ये रुसा (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) ही योजना आली. तिचेच पुढचे रूप म्हणजे २०२३ पासूनची पीएम-उषा. २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी तिची तरतूद १२,९२६.१० कोटी रुपयांची. महाराष्ट्रात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. महाविद्यालयाच्या बळकटीकरणासाठी ५ कोटी रुपयांपर्यंत मिळू शकतात. प्रस्ताव राज्यामार्फत जातो, म्हणून दिल्लीच्या निकषांइतकेच मुंबईचे प्राधान्यक्रमही महत्त्वाचे ठरतात.

विज्ञान विषयांत जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना पदवी पातळीवरच्या प्रयोगशाळांना बळ देते, तर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘फिस्ट’ पदव्युत्तर विभागांच्या उपकरणांसाठी आहे. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात पूर्वीचे सर्ब हे मंडळ विलीन झाले. प्रतिष्ठानाचे नवोदित संशोधकांसाठीचे अनुदान तीन वर्षांसाठी ६० लाख रुपयांपर्यंत जाते, पण त्यासाठी आयआयटीतल्या तरुणांशी सामना असतो. अकोल्या-अमरावतीच्या शिक्षकाला सर्बच्या काळात सुरू झालेली ‘टेअर’ ही योजना जास्त जवळची : नोकरी आपल्याच महाविद्यालयात ठेवून वर्षातले काही दिवस राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा आयआयटीत काम करायचे, आणि संशोधन निधी दोन्ही संस्थांनी वाटून घ्यायचा. समाजशास्त्रांसाठी १९६९ ची भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद आणि इतिहासासाठी १९७२ ची इतिहास संशोधन परिषद आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जुन्या प्रयोगशाळांसाठी एआयसीटीईची ‘मोडरॉब्स’ प्रसिद्ध आहे.

विषय निवडताना मोठ्या शहरांची नक्कल करणारा प्रस्ताव बहुधा पडतो, कारण तशी उपकरणे इथे नसतात. वऱ्हाडाचे बळ वेगळे आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा घ्या : विहिरींचे पाणी खारट, चोपण जमिनी, मूत्रपिंडाच्या आजारांचा प्रश्न. रसायनशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि गृहविज्ञान या चारही विभागांना पुरेल एवढा हा विषय आहे, आणि नमुने गोळा करायला एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे जे केले, त्याचा अभ्यास प्राणिशास्त्राचा तसाच शेतकऱ्याच्या कर्जाचाही. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्या नोंदी करणारा माणूस मेळघाटाच्या पायथ्याशी असला तर बरे. रिद्धपूरचा महानुभाव वारसा आणि सकळ लिपीतल्या पोथ्या हा मराठी विभागांचा हक्काचा विषय. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये अशाच हस्तलिखितांच्या नोंदणी-जतनासाठी सुरू झाले. परीक्षक पहिल्यांदा हेच पाहतात की हा प्रश्न इथल्याच माणसाने का सोडवावा. ज्या प्रस्तावाला याचे उत्तर पहिल्या पानावर देता येते, त्याचे अर्धे काम झाले.

निधी मंजूर झाल्यावरची कसरत कमी सांगितली जाते. पहिला हप्ता येतो, पुढचा उपयोगिता प्रमाणपत्र पोचल्यावर. केंद्राच्या पैशासाठी ते सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या १२-ए या नमुन्यात लागते. दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता, खरेदीची बिले, डेड स्टॉक रजिस्टरमधली नोंद, सनदी लेखापालाची सही : यातले एक राहिले तरी हप्ता अडतो. अनेक प्रकल्प संशोधनात नव्हे, या टेबलावर अडकतात. प्रकल्पाचे हिशेब जाणणारा एक लिपिक नेमणे हे संस्थाचालकांना खर्चाचे वाटते. तो खर्च वाचवून संस्था लाखोंचा हप्ता गमावते, हे गणित कोणी मांडत नाही.

पुरस्कारांचे क्षेत्र त्यामानाने लहान. उच्च शिक्षणातल्या शिक्षकांना राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारात २०२३ पासून स्थान मिळाले. ५०,००० रुपये, रौप्यपदक आणि प्रमाणपत्र असे त्याचे स्वरूप. राष्ट्रीय सेवा योजनेचे राष्ट्रीय पुरस्कार विद्यापीठ, महाविद्यालयाचे एकक, कार्यक्रम अधिकारी आणि स्वयंसेवक यांना मिळतात. गाडगेबाबांचे नाव लावणाऱ्या, १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या परिसरात ग्रामस्वच्छतेची, जलसंधारणाची शिबिरे नवी नाहीत. त्यांच्या नोंदी, छायाचित्रे, गावाची पत्रे वर्षभर जपणारा कार्यक्रम अधिकारीच अर्जाच्या वेळी पुढे असतो.

प्रकल्प आणि पुरस्कार यांना पदोन्नतीतही भाव आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा लाखांवरच्या पूर्ण प्रकल्पाला १० गुण, त्याखालच्याला ५. आंतरराष्ट्रीय पुरस्काराला ७, राष्ट्रीयला ५. या गुणांमुळेच नोंदणी शुल्क घेऊन ‘राष्ट्रीय आदर्श प्राध्यापक’ वाटणाऱ्या संस्थांचे पेव फुटले आहे. शाल, स्मृतिचिन्ह आणि समाजमाध्यमावरचे छायाचित्र एवढे त्यातून मिळते. खऱ्या पुरस्काराची जाहीर सूचना, निकष आणि निवड समिती असते, आणि तो घेण्यासाठी प्राध्यापकाला पैसे भरावे लागत नाहीत.